"मला गाडी लागते" म्हणालात तर टॅक्सी येईल: परदेशात बोलून भाषांतर करणारं अ‍ॅप कसं वापरायचं

बँकॉकमधल्या एका औषधाच्या दुकानात आईनं फोनजवळ तोंड नेऊन सांगितलं, "मला गाडी लागते." फोननं थाईत काय बोललं कुणास ठाऊक, पण काउंटरवरची पोरगी हसत हसत बाहेर आली आणि रस्त्यावर हात करून आमच्यासाठी टॅक्सी थांबवायला लागली. हॉटेलवर जाऊन मी तेच वाक्य इंग्रजीत करून बघितलं तर आलं की या बाईंना गाडीची गरज आहे. आता यात अ‍ॅपची चूक किती आणि आमची किती, तर मला विचाराल तर बारा आणे आमचीच.

आमच्या कोल्हापुरात राजारामपुरीतनं दर सुट्टीत कोण ना कोण थायलंड, व्हिएतनाम, बाली, युरोप असं जाऊन येतंय, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांची मंडळी मशीन बघायला चीन जर्मनीला जातात, आणि परत आलेला जवळपास प्रत्येक जण एकच सांगतो, ते अ‍ॅप काय कामाचं नाही बघा. मग त्यांचा फोन हातात घेतला की कळतं, भाषा डाउनलोड केलेली नाही, माइकला परवानगी नाही, कानातला ब्लूटूथ जोडलेला असल्यामुळं आवाज दुकानदाराला ऐकूच गेलेला नाही. म्हणून सगळं क्रमानं लिहितोय. क्रम मोडू नका, चौथा टप्पा तर अजिबात गाळू नका.

१. निघायच्या आठ दिवस आधी: अ‍ॅप देश बघून ठरवा

गूगल ट्रान्सलेट टाकाच. मराठी बोललेलं, टाईप केलेलं, फोटोतलं, तिन्ही चालतं. आयफोनवाल्यांनी पण हेच टाका, कारण आयफोनच्या स्वतःच्या ट्रान्सलेट अ‍ॅपमध्ये मी शेवटचं बघितलं तेव्हा मराठी नव्हती.

पण एकाच अ‍ॅपवर जाऊ नका. चीनला जाणार असाल तर तिथं गूगलच्या सेवा बंद आहेत, हॉटेलच्या वायफायवर गूगल ट्रान्सलेट नुसतं गोल गोल फिरत बसतं. आणि प्ले स्टोअर पण तिथं चालत नाही, म्हणजे तिथं उतरून दुसरं अ‍ॅप टाकू म्हणालात तर संपलंच. मायक्रोसॉफ्ट ट्रान्सलेटर इथूनच टाकून न्या, त्यात मराठी आहे. कोरियाला जाणार असाल तर पापागो टाका, कोरियन त्याला फार चांगलं जमतं, मराठी मात्र नाही, त्यामुळं त्याच्याशी साध्या इंग्रजीत बोलायचं.

चॅटजीपीटी, जेमिनी वगैरेवर पण भाषांतर होतं आणि घरी बसून वाक्यं तयार करायला ती छान आहेत. पण दुकानात उभं राहून वापरायला मला आवडत नाहीत, नेट लागतं आणि कधी कधी भाषांतर करायचं सोडून आपल्यालाच उत्तर द्यायला लागतात. मी विचारतोय दुकानदाराला, आणि हाच मला सांगतोय की छत्री कुठं मिळेल!

२. भाषा घरच्या वायफायवर उतरवून घ्या

गूगल ट्रान्सलेटमध्ये वर आपल्या फोटोवर टॅप केलं की डाउनलोड केलेल्या भाषा असा पर्याय येतो. तिथं जाऊन त्या देशाची भाषा उतरवा, आणि मराठी पण उतरवा. ही दुसरी गोष्ट दहातले आठ जण विसरतात, थाई उतरवतात आणि मराठी तशीच ठेवतात, मग ऑफलाइन मराठीतनं थाई होणार कुठनं.

आता एक नीट समजून घ्या. भाषा उतरवली म्हणजे ऑफलाइन सगळं चालतं असं नाही. टाईप केलेलं चालतं, फोटोचं बऱ्यापैकी चालतं, पण बोललेलं ओळखणं हे वेगळं काम आहे आणि ते तुमच्या फोनवर आणि भाषेवर अवलंबून असतं. मराठी बोललेलं नेट नसताना ओळखलं जाईलच असं धरून चालू नका.

अजून दोन सेटिंग करून टाका. माइक आणि कॅमेऱ्याची परवानगी द्या, ती नाकारलेली असेल तर फोनच्या सेटिंगमधनं परत चालू करावी लागते आणि ते विमानतळावर गडबडीत सापडत नाही. आणि अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये भाषेचा प्रदेश निवडता येतो, तिथं इंग्रजीसाठी भारत निवडा, आपलं इंग्रजी त्याला जास्त कळतं.

तपासणी: एअरप्लेन मोड टाका आणि वायफाय पण हातानं बंद करा. बऱ्याच फोनमध्ये एअरप्लेन मोड टाकला तरी वायफाय चालूच राहतं आणि आपल्याला वाटतं ऑफलाइन चाललं की. मग चार गोष्टी करून बघा: एक वाक्य टाईप करा, एक बोला, एक फोटो काढा, आणि उत्तराचा आवाज वाजतो का ऐका. चारातलं जे चालणार नाही ते चिठ्ठीवर लिहून ठेवा, तिथं गेल्यावर तेवढ्यासाठी नेट लागणार हे आधीच कळलं.

३. नेट आणि चार्जिंग

हे पटकन सांगतो. इंटरनॅशनल रोमिंगचा पॅक घ्या नाहीतर ई-सिम म्हणजे फोनमध्येच बसणारं डिजिटल सिम घ्या, पण ई-सिम घ्यायच्या आधी आपला फोन ते घेतो का बघा आणि ते इथंच वायफायवर बसवून ठेवा, कारण बसवायलाच नेट लागतं. भारतातलं सिम काढून ड्रॉवरमध्ये टाकू नका, बँकेचा ओटीपी त्याच्यावरच येणार.

बोलून भाषांतर बॅटरी भराभर खातं, स्क्रीन, माइक, नेट सगळं एकदम चालू असतं. पॉवर बँक न्या आणि ती हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनच्या बॅगेत चालत नाही. विमानात १०० वॅट-अवरपर्यंतची सहसा विनापरवानगी नेता येते, आणि आपली नेहमीची २०,००० एमएएचची पॉवर बँक साधारण ७४ वॅट-अवरची असते, म्हणजे बसते. फक्त तिच्यावरचे आकडे पुसलेले नकोत, ते वाचता आले नाहीत तर काढून घेऊ शकतात.

४. आधी आपलं मराठी सरळ करा

खरा घोळ इथं आहे. अ‍ॅपला पुस्तकातलं मराठी कळतं, आपण बोलतो कोल्हापुरी. त्यात मराठीतनं थाई किंवा जपानी करताना भाषांतर बहुतेक वेळा मधे इंग्रजीतनं जातं, म्हणजे मराठीचं इंग्रजी करताना जी चूक झाली ती पुढं दुप्पट होऊन निघते.

सगळ्यात धोकादायक शब्द म्हणजे लागणे आणि चालणे. गाडी लागते हे वर सांगितलंच. "मला मटण चालत नाही" याचं मी एकदा इंग्रजी करून बघितलं तर माझ्यासाठी मटण पायी जात नाही अशा धाटणीचं काहीतरी आलं. "थंड पाणी लागतं" म्हणजे तुम्हाला हवंय की त्यानं त्रास होतो, हे आपल्या घरातल्यांनाच कळतं. त्यामुळं या दोन शब्दांना सुट्टी द्या. "मी मटण खात नाही." "मला थंड पाणी हवं आहे." "प्रवासात मला उलटी होते, त्यासाठी गोळी हवी आहे." बोलायला जरा शाळेतल्या निबंधासारखं वाटतं पण बरोबर पोचतं.

आजारपणाचे शब्द तर वेगळंच प्रकरण. "मला शुगर आहे" म्हणालात तर माझ्याजवळ साखर आहे असं निघू शकतं, म्हणून मधुमेह म्हणा. "पित्त झालंय" म्हणालात तर गाडी यकृताकडं जाते, म्हणून जेवल्यावर छातीत जळजळ होते असं सांगा. "घसा धरलाय", "अंग मोडून आलंय", "पोटात कालवतंय", "कसंतरी होतंय" ही वाक्यं घरी ठेवून जा. कुठं दुखतंय, कधीपासून, ताप किती, एवढंच साधं सांगायचं.

धंद्यासाठी जाणाऱ्यांनी आपले शॉपमधले शब्द तपासून घ्या. आपण कास्टिंगच्या तुकड्याला जॉब म्हणतो, अ‍ॅपला वाटतं नोकरी. "जॉब रिजेक्ट झाला" म्हणजे माणसाला कामावर घेतलं नाही. गिऱ्हाईकाला आपण पार्टी म्हणतो, "आमची पार्टी पुण्याची आहे" याचं काय होईल तुम्हीच बघा, राजकारण नाहीतर वाढदिवस. त्याऐवजी तुकडा, ग्राहक असे साधे शब्द वापरा, नाहीतर ड्रॉइंग पुढं ठेवून बोट दाखवा, ते सगळ्यात भारी.

आकडे आणि दिवस. अडीच, पावणेदोन, साडेतीनशे, दीड लाख हे तोंडानं सांगू नका, टाईप करा. चीन, जपान, कोरियात मोठी मोजणी दहा हजारांच्या गठ्ठ्यानं होते, आपला एक लाख म्हणजे त्यांचे दहा गठ्ठे, त्यामुळं मोठा आकडा बोलून सांगितला की एखादं शून्य इकडं तिकडं व्हायला वेळ लागत नाही. नगांची संख्या आणि भाव दोन्ही आकड्यात लिहून दाखवा. आणि "परवा" म्हणजे होऊन गेलेला परवा की येणारा, हे मराठी माणसालाच विचारावं लागतं, मग अ‍ॅपनं काय करावं. तारीख सांगा.

आणखी एक खास आपल्याकडची अडचण. कोल्हापुरात बायका सर्रास "मी येतो, मी जातो" म्हणतात. इंग्रजीत त्यानं काही बिघडत नाही, पण हिंदी, रशियन, स्पॅनिश अशा भाषांत बाई बोलते की पुरुष यावर शब्द बदलतात, थाईत तर वाक्याच्या शेवटी बायका खा म्हणतात आणि पुरुष ख्राप. अ‍ॅप कुठलं घालेल याचा नेम नाही. तसंच आपलं तुम्ही आणि तू, मधे इंग्रजी आली की दोन्हीचं एकच होतं आणि जर्मनीत एखाद्या साहेबाला अरे-तुरे जाऊ शकतं. याला साधा उपाय म्हणजे वाक्यात "कृपया" किंवा "सर", "मॅडम" घालायचं, बऱ्याच वेळा त्यानं सूर सांभाळला जातो.

वाक्यात कर्ता पण घाला. "गेला नाही अजून" असं आपण म्हणतो, कोण गेला नाही ते समोरच्याला माहीत असतं, फोनला नसतं. "ओ", "की", "ना", "म्हणजे कसंय" ही शेपटं काढून टाका. एका वाक्यात एकच गोष्ट, आठ-दहा शब्दांच्या वर जाऊ नका.

तपासणी: वाक्य आधी मराठीतनं इंग्रजी करून बघा. इंग्रजी जेमतेम येत असलं तरी गाडी, साखर असं भलतंच आलेलं दिसतं. इंग्रजी बरोबर असेल तर मग थाई करा, आणि थाईतलं कॉपी करून परत मराठीत आणा. परत आलेलं वाक्य शब्दशः तेच असायची गरज नाही, अर्थ तोच पाहिजे.

५. वाक्यं साठवून ठेवा, खाण्याची आधी

तिथं जाऊन नवं वाक्य तयार करायचं हे शेवटचं हत्यार. रोज लागणारी वीस-पंचवीस वाक्यं घरीच बनवा, तपासा, त्यांना स्टार मारून सेव्ह करा आणि प्रत्येकाचा स्क्रीनशॉट घेऊन गॅलरीत वेगळा अल्बम करा. स्क्रीनशॉटला नेट लागत नाही, अ‍ॅप पण लागत नाही.

खाण्याच्या वाक्यांना वेळ द्या. आपल्याकडं शाकाहारी म्हटलं की विषय संपतो, तिकडं संपत नाही. थायलंडमध्ये भाजीत मासा नाही म्हणतील आणि वरून नाम प्ला म्हणजे माशाचं सॉस घालतील, त्यांच्या हिशेबी ते मीठच आहे. जपानमध्ये भाज्यांच्या सूपचं पाणी पण दाशीचं असतं आणि दाशी बऱ्याचदा सुकवलेल्या बोनिटो माशाची. म्हणून "मी शाकाहारी आहे" एवढ्यावर थांबू नका, यादी करा: मांस, कोंबडी, मासा, कोळंबी, माशाचं सॉस, ऑयस्टर सॉस, माशाच्या पाण्यात शिजवलेलं काहीही खात नाही. अंडं आणि दूध खाता की नाही ते वेगळं लिहा.

थायलंडसाठी एक शब्द पाठच करा, जे. त्यांच्याकडचं कडक शाकाहारी जेवण, त्यात अंडं-दूध नाही, कांदा-लसूण पण नाही. दुकानावर पिवळं निशाण आणि त्यावर लाल अक्षरं असतात, ती इंग्रजी आकड्यातल्या सतरासारखी दिसतात. आपल्या जैन मंडळींना याचा फार उपयोग होतो, फक्त बटाटा, गाजर अशी कंदमुळं त्यात असू शकतात, त्याचं वाक्य वेगळं ठेवा. आणि व्हिएतनाममध्ये शाकाहारी जेवणाला चक्क चाय म्हणतात. कोम चाय असा बोर्ड दिसला तर तिथं चहा मागायला जाऊ नका, भात आणि भाज्या मिळतील.

सावधान: तिखटाच्या बाबतीत कोल्हापूरचा अभिमान घरी ठेवा. तिखट चालेल असं मी मोठ्या ऐटीत सांगितलं आणि त्या बारक्या थाई मिरचीनं तांबड्या रश्श्यावर वाढलेल्या माणसाला दोन वाट्या साखर खायला लावली. फेत म्हणजे तिखट, माय फेत म्हणजे तिखट नको, एवढं अ‍ॅपशिवाय लक्षात ठेवा.

६. रंगीत तालीम महाद्वार रोडवर

घरात शांततेत सगळं चालतं. संध्याकाळी सातला महाद्वार रोडवर जा, नाहीतर रविवारी रंकाळ्यावर भेळेच्या गाड्यापाशी, आणि तिथं उभं राहून अ‍ॅपशी बोला. बँकॉकचा बाजार असाच असतो. हॉर्न, स्पीकर, शेजारच्याचं बोलणं, सगळं माइक उचलतो आणि तुमच्या वाक्यात भेळवाल्याचं "तिखट करू काय" येऊन बसतं. तेव्हा कळतं फोन तोंडापासून वीतभर अंतरावर धरायचा, माइक फोनच्या खालच्या टोकाला असतो तिथं बोट ठेवायचं नाही, आणि ओरडायचं पण नाही. ओरडलं की शब्द फाटतात.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांना या तालमीला न्याच. आई पहिल्यांदा बटण दाबायच्या आधीच बोलून मोकळी व्हायची आणि मग म्हणायची, ऐकत नाही ओ हे.

७. समोर माणूस असताना हा क्रम

अ. आधी हसून त्यांच्या भाषेत नमस्कार, एवढा एक शब्द पाठ करा. मग फोन दाखवून खुणेनं विचारा, वापरू का. थेट कुणाच्या तोंडापुढं फोन धरला की माणूस बिचकतो. जर्मनीत तर कुणाचं खासगी बोलणं न विचारता रेकॉर्ड करणं गुन्हा आहे, तुम्ही रेकॉर्ड करत नाही हे त्याला कसं कळणार.

आ. ब्लूटूथ बंद. मीडियाचा आवाज पूर्ण वर. रिंगचा आवाज वाढवून उपयोग नाही, तो वेगळा असतो.

इ. कुठली भाषा डावीकडं, कुठली उजवीकडं बघून घ्या. संभाषणाच्या मोडमध्ये बऱ्याच फोनवर दोन भाषांचे दोन माइक आणि मधे ऑटो, म्हणजे भाषा आपोआप ओळखायचं बटण, असतं. ऑटो शांत खोलीत ठीक आहे, गर्दीत दोन वेगळे माइकच वापरा. ऑटोत तो कुणाचं बोलणं कुठल्या भाषेचं धरेल सांगता येत नाही.

ई. माइक दाबा, आवाज येईपर्यंत किंवा लाट दिसेपर्यंत थांबा, मग बोला, मग गप्प बसा. मधे शेजारी उभ्या बायकोला "काय गं, दोन घ्यायचे ना" विचारू नका, ते पण थाईत जातं.

उ. आता सगळ्यात महत्त्वाचं. आवाज वाजवायच्या आधी आपण काय बोललो म्हणून त्यानं लिहिलंय ते मराठीत वाचा. दोन सेकंद लागतात. "बिल" चं "बैल" झालेलं तिथंच पकडता येतं. चुकलं असेल तर तोच शब्द परत परत बोलू नका, टाईप करा नाहीतर दुसरा शब्द घ्या.

ऊ. मग आवाज वाजवा आणि स्क्रीन पण त्याच्याकडं फिरवा. म्हातारा माणूस असेल तर अक्षर मोठं करून दाखवा. बऱ्याच लोकांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं.

ए. त्याच्या बोलण्यासाठी त्याच्या भाषेचा माइक तुम्हीच दाबा आणि बोटानं खूण करा. फोन त्याच्या हातात देऊ नका. तो पळवेल म्हणून नाही, पण तो भलतंच बटण दाबतो आणि मग सगळी भाषाच बदलून जाते.

सावधान: मान डोलवू नका. आपलं ते डावीकडं-उजवीकडं हललेलं होकाराचं डोकं बाहेर पुष्कळांना नकार वाटतं. हो असेल तर सरळ खालीवर.

८. उत्तर आलं की लगेच विश्वास ठेवू नका

प्रश्न असा विचारा की उत्तर हो, नाही किंवा आकडा येईल. "ही बस कशी काय जाते" ऐवजी "ही बस विमानतळावर जाते का?" विचारा. आणि प्रश्न नकारात कधीच नको. "यात मासा नाही ना?" असं विचारलं आणि जपानी माणूस हो म्हणाला, तर त्याचं म्हणणं असतं की हो, नाही. तुम्ही मात्र मासा आहे असं समजणार. "यात मासा आहे का?" असं सरळ विचारा.

भाव नेहमी कॅल्क्युलेटरवर लिहून घ्या. व्हिएतनाममध्ये नोटांवर एवढी शून्यं आहेत की बोलताना लोक हजार गाळतात, पन्नास म्हणजे पन्नास हजार डोंग. टॅक्सीत बसायच्या आधी आकडा, चलन, आणि माणशी का पूर्ण गाडीचा, तिन्ही लिहून दाखवा.

तपासणी: महत्त्वाची गोष्ट असेल तर त्याचं उत्तर आपल्या शब्दांत परत सांगा. "बस ७:४० ला, ३ नंबरवरून. बरोबर?" त्यानं मान हलवली की झालं.

९. फोटोनं वाचताना

मेन्यूवर कॅमेरा हलवत हलवत वाचायचा प्रयत्न केला की अक्षरं नाचतात आणि दर सेकंदाला पदार्थ बदलतो. फोटो काढा, सरळ वरून, सावली न पाडता, आणि मग वाचा. हातानं लिहिलेला बोर्ड आणि जपानी उभी ओळ दोन्हीला अडखळतं, तिथं तेच वाक्य माणसाला वाचायला सांगून माइकवर घेतलेलं बरं.

औषधाच्या पाकिटावर तारखा नीट बघा. थायलंडमध्ये बुद्ध संवत वापरतात, आपल्यापेक्षा ५४३ वर्षं पुढं. एक्स्पायरी २५७० दिसली म्हणजे औषध अमर आहे असं नाही, ते २०२७. जपानमध्ये कधी कधी रेवा हे त्यांचं राजवर्ष असतं, त्यात २०१८ मिळवायचे, रेवा ८ म्हणजे २०२६. भाषांतर शब्दांचं होतं, वर्षाचं होईलच असं नाही.

१०. इथं अ‍ॅपवर भागवायचं नाही

इमिग्रेशनच्या रांगेत फोन काढू नका, कितीतरी ठिकाणी तिथं फोनला मनाई असते. परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग, विमा, सगळं छापून हातात. अधिकाऱ्याचा प्रश्न कळला नाही तर अंदाजानं हो म्हणू नका, दुभाषी मागा.

दवाखान्यात काय दुखतंय ते सांगायला अ‍ॅप चालेल, पण ऑपरेशनच्या नाहीतर कुठल्याही संमतीच्या कागदावर अ‍ॅप वाचून सही नको, विमा कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावून दुभाषी मागा. घेत असलेल्या गोळ्यांची नावं ब्रँडनं नाही, आतल्या औषधाच्या नावानं इंग्रजीत लिहून न्या, इथला ब्रँड तिथं कुणी ऐकलेला नसतो. कराराचं पण तसंच, चीनमधल्या कँटन फेअर या व्यापारी प्रदर्शनात भाव अ‍ॅपवर ठरवा हवं तर, पण अ‍ॅडव्हान्स पाठवायच्या आधी इंग्रजीत लेखी घ्या. आणि पासपोर्ट नंबर, कार्ड, ओटीपी अ‍ॅपला बोलून सांगायचं नाही, ऑनलाइन असताना तुमचा आवाज सर्व्हरवर जातो आणि शेजारचा माणूस पण ऐकतो.

नंबर लिहून ठेवा: युरोपात ११२, जपानमध्ये पोलीस ११० आणि अँब्युलन्स ११९, थायलंडमध्ये टूरिस्ट पोलीस ११५५. कोरियात १३३० ही प्रवाशांसाठीची हेल्पलाइन आहे, तिथं इंग्रजीत बोलणारं माणूस मिळतं.

११. फोनच बंद पडला तर

हॉटेलमध्ये पोचल्या पोचल्या रिसेप्शनवरनं त्यांचं कार्ड मागून घ्या, त्यांच्या लिपीतलं, इंग्रजीतलं नको, टॅक्सीवाल्याला इंग्रजी पत्ता वाचता येईलच असं नाही. प्रत्येक माणसाकडं एक. मागच्या बाजूला खाण्याचं वाक्य आणि आजाराचं वाक्य त्यांच्याच लिपीत चिकटवा, पाचव्या टप्प्यातल्या स्क्रीनशॉटची प्रिंट इथं भवानी मंडपाजवळच्या कुठल्याही झेरॉक्सवाल्याकडं निघते. आईचं कार्ड मी तिच्या बटव्यात तंबाखूच्या डबीखाली ठेवलं होतं, म्हणजे दिवसातनं दहा वेळा तिच्या हाताला लागायचं.